आबांचं नाक

आबा बुधवारी सकाळी गेले. गोठ्यातून आले, ओसरीवर बसले, पाणी मागितलं. आई तांब्या घेऊन आली तेव्हा ते गेले होते. आढी लावून दोन दिवस झाले होते.

झाडावरून उतरवलेले कच्चे आंबे भाताच्या पेंढ्यात थरावर थर रचून पिकायला ठेवतात, ती आढी. आमच्याकडे ती मागच्या खोलीत लागायची. आंबे एकाच झाडाचे, शेंदऱ्याचे. आमचं मूळ गाव मुळशीच्या धरणाखाली गेलं, तेव्हा आजोबा वर येताना शेंदऱ्याच्या चार कोयी धोतराच्या सोग्यात बांधून घेऊन आले. त्यांतली एक रुजली. त्यांनी आणखी काय काय आणलं होतं ते आता कुणाला आठवत नाही, म्हणजे कोयी आणल्या तेच बरं केलं.

शेंदऱ्याचा आंबा रंगाने, चवीने, वासाने चांगला होता. त्याला एक खोड होती. वरून निर्मळ दिसणारं फळ आढीत पिकता पिकता देठाशी काळं पडायचं आणि कापलं की आत तपकिरी पाणी. सगळ्याच आंब्यांचं असं होत नसे. दहांत एकदोन. पण ते एकदोन कुठले, हे काळा डाग दिसेपर्यंत कुणालाही सांगता येत नसे. आणि डाग दिसेपर्यंत शेजारची चार फळं बाधलेली असत.

आबांना सांगता येई. ही आमच्या पंचक्रोशीतली ठरून गेलेली गोष्ट होती. आढीचे पाचसहा दिवस झाले की ते सकाळी आंघोळ करून, तपकिरीची चिमूट ओढून मागच्या खोलीत जात. पेंढा बाजूला सारून एकेक आंबा उचलत, देठ नाकाशी धरत, डोळे मिटत. बहुतेक आंबे परत ठेवत. एखाद्यापाशी थांबत आणि म्हणत, "ह्यात हाय."

"काय हाय?" कुणीतरी विचारी.

"हाय."

एवढंच. तो आंबा खिडकीच्या फळीवर जाई, आणि तीनचार दिवसांत त्याच्या देठाशी काळं कडं उमटे. दर वेळी. लोक बघायला येत. एकदा शेतकी खात्याचा एक साहेब जीपमधून आला होता. त्याने आबांनी वगळलेला आंबा हुंगला, शिंकला, आणि वहीत काहीतरी लिहून घेतलं. आबा म्हणाले, "साह्येब, ह्ये नाक सरकारात मिळत न्हाई." साहेब हसला. पुढे तीन वर्षं आबा ही गोष्ट सांगत होते आणि दर वर्षी साहेबाचा हुद्दा वाढत होता.

धाकट्या बहिणीची सुपारी फुटली त्या दिवशी हे नाक जरा जास्तच उंच झालं होतं. स्थळ नांद्याचं. बहिणीची होणारी सासू चहाच्या कपावर हात ठेवून बसली होती. कुणीतरी आंब्याची गोष्ट काढली. आमच्याकडे लग्नानंतरच्या पहिल्या उन्हाळ्यात मुलीच्या माहेरहून आंब्याची पाटी जाते. ती सासरच्या उंबऱ्यात आळीतल्या बायकांसमोर उघडतात आणि मग आठ दिवस पुरवून खातात. आठ दिवसांत पाटीतून काय निघतं, ते आळी बघत असते. आबा म्हणाले, "आमच्या पाटीत एक जरी नासका निघाला, तर पोरगी परत लावून द्या."

सगळे हसले. विहीणबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, "ध्यानात ठिवते हां, इवाई."

आबा गेले तो उन्हाळा त्या पाटीचा होता.

अग्नी मी दिला. म्हणून तेरा दिवस मला सगळ्यांपासून वेगळं बसवलं, घोंगडीवर, मागच्या खोलीत. घरात दुसरी रिकामी जागा नव्हती. अशा रीतीने मी आणि आढी एकत्र सुतकात बसलो. मी पुण्यात वनस्पतिशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालो होतो आणि तालुक्याच्या शाळेत शास्त्र शिकवत होतो. आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेला मी पहिला. त्याचा उपयोग काय, हा प्रश्न घरात अधूनमधून निघे, पण माझ्या तोंडावर नाही.

चौथ्या दिवशी बहीण आणि तिची सासू भेटायला आल्या. पहिल्या दिवशी बहीण धावत आली होती, पण सासूबाईंचं रीतीने येणं राहिलं होतं. त्या आईजवळ बसल्या, जेवढं रडायला हवं तेवढं रडल्या, डोळे पुसले आणि उठता उठता म्हणाल्या, "पाटीचं मनाला लावून घिऊ नका. न्हाई आली तर न्हाई आली. आमी काय कुनाला सांगायला जात न्हाई."

त्या कुणाला सांगायला जात नाहीत, हे त्यांनी ओसरीवरच्या सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आमचे चुलते खांबाला टेकून बसले होते. ते एकदम ताठ झाले.

"येनार म्हंजे येनार! दादाचा शबूद हाय त्यो."

"तसं न्हवं, पन निवडनार कोन आता?"

"ह्यो बसलाय न्हवं आत. सोळा वर्सं शिकलाय."

सोळा वर्षं मी काय शिकलो हे चुलत्यांना ठाऊक नव्हतं, मला थोडंफार होतं, पण बहिणीच्या चेहऱ्याकडे बघून मी हो म्हणालो. सासूच्या मागे ती खाली मान घालून उभी होती. नासका आंबा निघाला म्हणून कुणी मुलगी परत लावत नाही, हे सगळ्यांना माहीत होतं. पण ते वाक्य जन्मभर रोज दोनदा ऐकावं लागणं म्हणजे काय, हे तिला एकटीला कळत होतं. निघताना ती खोलीच्या दाराशी आली. सुतक असल्याने लांबूनच म्हणाली, "दादा, आढीला हात लावायच्या आदी आईला इचार बरं का."

मला वाटलं, आईचं मन राखायला सांगते आहे. आई माजघरात भिंतीकडे तोंड करून बसलेली, भोवती बायका. तिला अशा वेळी आंब्यांचं काय विचारायचं? मी विचारलं नाही. तो मला माझा समजूतदारपणा वाटला.

माझ्याजवळ वाचनालयातून आणलेलं फळझाडांच्या रोगांवरचं इंग्रजी पुस्तक होतं. सुतकात वाचू नये असं चुलती म्हणाली, पण पुस्तकात सगळे रोगच आहेत म्हटल्यावर तिने मनाई मागे घेतली. पुस्तकात शेंदऱ्याची खोड स्वच्छ मांडली होती. ही एक बुरशी. मोहोर धरतो त्या दिवसांत धुक्यादवात ती फळाला लागते, कच्च्या फळात सालीखाली गप्प बसून राहते आणि फळ पिकायला लागलं की उठते. फळ कच्चं असेपर्यंत बाहेर काही खूण नाही. मला ते वाचून आनंद झाला. बाप जाऊन सहा दिवस झाले होते आणि मला आनंद झाला, हेही इथे लिहून ठेवतो.

मी ते चुलत्यांना मराठीतून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी मोहरातच लागल्यालं असतंय?"

"हो."

"आनि कच्चं हाय तवर दिसत न्हाई?"

"नाही."

"मग वळकायचं कसं, ते लिवलंय का?"

"ते नाही लिहिलेलं."

"मग इतकं जाड कशाला हाय ते?"

ओळखायचं कसं ते पुस्तकात नव्हतं, पण माझ्याकडे भिंग होतं. सातव्या दिवशी मी आढी उलगडली. प्रत्येक आंबा बाहेर काढला, ओल्या फडक्याने पुसला, भिंगाखाली धरला. आबांची रचना मला अगदीच अडाणी वाटली होती. लहानमोठे, लाल-हिरवे, सगळे एकत्र, आणि मध्येच पेंढ्याच्या वळलेल्या दोऱ्या आडव्या टाकलेल्या, काहीही कारण नसताना. मी त्या दोऱ्या काढून टाकल्या. सालीवर ठिपका असलेले एका बाजूला, चीक ओघळलेले दुसऱ्या, निर्मळ तिसऱ्या. मग निर्मळांत आकारवार. दोन दिवस लागले. शेवटी आढी एखाद्या प्रयोगशाळेसारखी दिसायला लागली. चुलते दारातून बघून गेले आणि पहिल्यांदाच म्हणाले, "शिकल्यालं दिसतंय."

तळाच्या पेंढ्यात आबांची तपकिरीची डबी सापडली. ती पडली कधी आणि त्यांनी शोधली किती, कुणास ठाऊक. मी झाकण काढून एक चिमूट ओढली. आयुष्यात पहिल्यांदाच. बराच वेळ शिंकत होतो. डोळ्यांना पाणी आलं. तपकिरीने येतं.

तेरावा झाला. चौदाव्या दिवशी सकाळी मी निर्मळांतले शंभर आंबे मोजून पाटीत भरत होतो, तेव्हा आई खोलीत आली. इतक्या दिवसांत ती पहिल्यांदाच आत आली होती. तिने पाटीकडे पाहिलं नाही, आढीकडे पाहिलं.

"दोऱ्या कुटं गेल्या?"

"कसल्या दोऱ्या?"

"पेंड्याच्या. आडव्या घातलेल्या."

"काढल्या. त्यांचं काही काम नव्हतं."

आई खाली बसली. मला वाटलं चक्कर आली.

"उकिरड्याच्या बाजूचे कंचे ह्यातले?" तिने विचारलं.

मग ती सांगत गेली, अगदी हळू, चुलीवर काय शिजतंय ते सांगावं तशी. आढी म्हणजे झाड होतं. झाडाच्या उगवतीकडच्या फांद्यांचे आंबे एका टोकाला, विहिरीकडचे मध्ये, उकिरड्यावरच्या दाट सावलीतल्या फांद्यांचे भिंतीकडे. मध्ये पेंढ्याची दोरी, म्हणजे बाजू मिसळू नयेत. आणि आंबे उतरवले त्याच दिवशी प्रत्येक बाजूचे चारचार आंबे, देठावर निरनिराळ्या रंगाचा दोरा बांधून, चुलीमागच्या मडक्यात जात. वर ओलं फडकं. चुलीच्या उबेला ते आंबे आढीच्या आधी सहासात दिवस पिकत आणि ज्या बाजूच्यांत रोग असेल ते तिथेच काळे पडत. ज्या बाजूचे काळे पडले, त्या बाजूचे आढीतले आंबे आबा हुंगून वगळत. त्यांतला एक फळीवर जाई, बाकीचे संध्याकाळपर्यंत बैलांच्या पुढे. ते किती गेले हे बघायला लोक थांबत नसत.

"आणि नाक?" मी विचारलं.

"त्यास्नी नाकानं काय येत हुतं? तपकिरीनं नाक कवाच मेलं हुतं. दूद करपलं तरी कळत न्हवतं."

"मग एवढं सोंग कशाला?"

"लोकांस्नी नाक बगायला आवडतंय. मडकं बगायला कोन येतंय?"

मडक्याची युक्ती कुणाची, असं मी विचारलं. ती म्हणाली, लग्नानंतर दुसऱ्या वर्षी चार आंबे चुलीमागे विसरले होते. कोण विसरलं ते तिने सांगितलं नाही. आबांचं नाक गावभर झालं त्याचं तिला वाईट वाटलेलं दिसलं नाही. ते सांगताना तिच्या तोंडावर, त्या तेरा दिवसांत पहिल्यांदाच, काहीतरी हसण्याजवळचं आलं.

"या वर्षीचं मडकं?"

आबा गेल्यावर तीन दिवस चूल पेटली नव्हती. जेवण भावकीतून येत होतं. मडकं थंडच राहिलं. चौथ्या दिवशी चूल पेटली, आणि आठव्या दिवशी माझ्या चुलतीने भांडी आवरताना मडक्यातले आंबे घरातल्या पोरांना वाटून टाकले. दोरे बांधलेले दिसले, पण तिला वाटलं नवसाचे असतील.

"तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू इचारलंस का? मला वाटलं, तुला म्हायती असंल. शिकल्याला हायेस."

ह्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं.

पाटी तर न्यायला हवी होती. चुलत्यांनी ती डोक्यावरून पौडपर्यंत आणली आणि यष्टीत चढवून दिली. टपावर ठेवायला मी नकार दिला, म्हणून ती माझ्या पायांत. माझं डोकं नुकतंच भादरलेलं. कंडक्टरने एकदा डोक्याकडे आणि एकदा पाटीकडे पाहिलं आणि तिकीट फाडलं. पिरंगुटला दाजी बैलगाडी घेऊन आले होते. वाटेत त्यांनी विचारलं, "झाली का निवड नीट?" मी म्हणालो, "शास्त्रशुद्ध झाली."

आम्ही पोचलो तेव्हा नांद्याच्या आळीतल्या सातआठ बायका आधीच उंबऱ्याशी होत्या. विहीणबाई कुणाला सांगायला जात नाहीत हे खरंच असावं, त्या आपोआप आल्या असाव्यात. पाटीला हळदकुंकू लागलं, वरचं फडकं निघालं. शेंदरी, निर्मळ, एकसारखे शंभर आंबे. भिंगाखालून गेलेले. बायका पुढे वाकल्या.

"झ्याक हायेत," विहीणबाई म्हणाल्या. "आता बगू, आठ दिस कसं जात्यात."

मी पाणी प्यायच्या निमित्ताने मागे मोरीकडे गेलो. बहीण तिथे हंडा घासत होती. मी तिला दोन वाक्यांत सगळं सांगितलं. दोऱ्या काढल्या, मिसळ झाली, मडक्यातले पोरांनी खाल्ले. तिने माझ्याकडे वर पाहिलं नाही.

"आईला इचार म्हनलं हुतं."

"हो."

ती हंडा घासत राहिली. तळ घासला, काठ घासला, विसळला, पालथा घातला. मग पदराला हात पुसत सरळ पुढे गेली आणि सासूसमोर उभी राहिली. बायका अजून उठल्या नव्हत्या.

"आत्याबाई, एक बोलू का? गेलेल्या मानसाचं पयलं फळ घरात साठवून ठिवत न्हाईत. त्याच दिसाला आळीला घालत्यात. आमच्याकडं तसंच हाय. आबांच्या नावानं आजच रस करावा म्हन्ते."

असा रिवाज मी कधी ऐकला नव्हता. तिनेही नसावा. तो तिने मोरीवर एक हंडा घासून होईपर्यंत तयार केला होता. पण सात बायकांसमोर गेलेल्या व्याह्याच्या नावाला नको कोण म्हणणार? विहीणबाईंनी क्षणभर पाटीकडे पाहिलं, म्हणजे आठ दिवसांकडे पाहिलं.

"आमच्याकडं बी तसंच हाय," एक म्हातारी म्हणाली.

झालं.

दुपारी अंगणात परात मांडली. रस काढायला बहीण स्वतः बसली आणि दुसऱ्या कुणाला परातीला हात लावू दिला नाही. पहिला आंबा उचलून तिने देठ नाकाशी धरला आणि डोळे मिटले. अगदी आबांसारखं. मी तिकडे बघू शकलो नाही.

"बापाचं नाक घेतलंय गं पोरीनं," कुणीतरी म्हणालं.

तिने एकेक आंबा तळव्यांत माचवून मऊ केला, देठ काढला, पिळला. बहुतेकांत रोग उठायच्या बेतात असला तरी उठलेला नव्हता. त्या दिवशी ते आंबे चांगलेच होते, आणि त्या दिवशी खाल्ले तर कायमचे चांगलेच राहणार होते. एखाद्या वेळी पिळता पिळता तिची बोटं देठाशी थबकत, तपकिरी काहीतरी मुठीत जाई आणि मूठ मांडीखालच्या फडक्यात रिकामी होई. मी मोजलं. सात वेळा.

संध्याकाळी आळीतली चाळीस माणसं रसपोळी खाऊन गेली. कोयी राखेत चोळून एका टोपलीत ठेवल्या. विहीणबाईंनी हात धुतले, ओसरीवर आल्या, आणि जाणाऱ्या शेवटच्या दोघी उंबऱ्यात असतानाच म्हणाल्या, "बगा गं. शंभरात एक बी नासका निघाला न्हाई. इवायांचा शबूद म्हंजे शबूद. मेल्यावर सुदिक खरा केला मानसानं."

आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. ह्या वेळी रीतीसाठी नव्हता.

बहीण परात घासत होती. त्या वाक्याने तिचं काय वाचलं हे तिथे दोघांना ठाऊक होतं, आणि त्यातला एक काही कामाचा नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यापासून आईने मला आढी लावायला शिकवली. झाडाच्या बाजू तिने काठीने जमिनीवर काढून दाखवल्या. मी वहीत उतरवून घेतलं, तर म्हणाली, "लिवून काय उपेग? फांदी तुटली की बदलतंय." एक फांदी तुटली आणि खरंच बदललं. लोक विचारत, आता आंबे कोण हुंगतं? आई म्हणे, "ह्यो हुंगतोय की." मी नाकाशी आंबा धरून डोळे मिटायला लागलो. पहिल्या वर्षी लाज वाटली, नंतर तेवढी वाटली नाही. शाळेत मुलांना मी बुरशीबद्दल शिकवतो तेव्हा मडक्याचं सांगतो. मुलं ऐकतात आणि मग विचारतात, "गुरुजी, तुमच्या आबांना वासावरनं कळायचं, ते खरं का?" नांद्याच्या त्या आळीत आता माहेरची पाटी आली की त्याच दिवशी रस होतो. ही चाल फार जुनी आहे, असं मला तिथल्या एका गृहस्थाने समजावून सांगितलं.

आई गेल्या पावसाळ्यात गेली. त्या वेळी आढी नव्हती, झाडाला पानंच पानं होती. तेराव्यानंतर बहिणीने एकच वस्तू मागितली.

शेंदऱ्या अजून फळतो. मडकं नांद्याला बहिणीच्या चुलीमागे आहे. माझ्याकडे भिंग आहे.